मूळव्याधीच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले, आज रक्त गेलं, काय करू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले, आज सकाळी संडासात रक्त दिसलं, ते म्हणतात कोणाला सांगू नको, आणि पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतात. आधी रक्ताचं सांगतो. संडासच्या वेळी चार थेंब पडले, धुताना लागलं आणि थांबलं, तर तेवढं होत असतं, तरी डॉक्टरच्या कानावर घाला. पण धार लागली असेल, गाठी पडत असतील, पॅड भिजत असेल किंवा उभं राहिलं की गरगरत असेल तर पुढचं वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा.

इतकं ठासून सांगतो कारण माझं दहाव्या दिवशी असंच झालं. २०२२ ची गोष्ट, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, सोयाबीन घरात आलं होतं आणि कापूस फुटला होता. नऊ दिवस घरात पडून जीव कंटाळला, दुखणंही बरंच उतरलं होतं, वाटलं झालं आता, म्हणून मोटारसायकल काढली आणि वेचणी पाहायला वावरात गेलो. आमचा पांदण रस्ता म्हणजे नुसत्या चाकोऱ्या. संध्याकाळी पोटात कळ आली म्हणून बसलो तर नुसतं रक्त, काळपट गाठी. बायकोला हाक मारायची लाज वाटली, मी आपला डब्यावर डबा पाणी टाकून धूत राहिलो, त्यात दहा-पंधरा मिनिटं गेली, आणि उठलो तर डोळ्यापुढं अंधारी, भिंत धरून खालीच बसलो. शेजाऱ्याच्या गाडीत टाकून नेलं, दवाखान्यात आतून पट्टी भरली, सलाईन लावली, रात्रभर ठेवलं. सकाळी डॉक्टरांनी समजावलं की कोंब कापतात तिथली शीर बांधलेली असते, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात वरची खपली सुटते आणि काही जणांची शीर तेव्हा उघडी पडते. सगळ्यांना होत नाही, थोड्याच लोकांना होतं. पण तुमचे वडील आत्ता नेमके त्याच दिवसात आहेत, म्हणून अजून आठ-दहा दिवस गाडीवर बसणं नाही, पोतं उचलणं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. आणि हार्टवाल्यांना देतात ती रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला आजच सांगा, आपल्या मनानं बंद नका करू.

आता खाण्याचं, कारण इथंच बहुतेक जण चुकतात, मीपण चुकलो. संडासला जायच्या भीतीनं मी दोन दिवस जेवलोच नाही, पाणीपण घोट घोट. आई उशाशी बसून म्हणायची, "बाबू, पोटात अन्नच नाही तं जखम कशी भरीन, दोन घास खाय." मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी खडा झाला तो उतरता उतरेना, नळाची तोटी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, घामानं बनियन ओली झाली. काचेचा तुकडा फिरवल्यासारखं दुखतं ते. त्यातून दुखण्याच्या काही गोळ्यांनीपण पोट धरतं, ट्रॅमाडॉल असेल तर विचारून घ्या. मऊ खिचडी, मुगाचं पातळ वरण, पालक, पपई, भाकर ताकात कुस्करून, सगळं खाऊ द्या, फक्त ठेचा आणि तिखट रस्सा महिनाभर बाजूला. इसबगोल घेत असतील तर मोठा ग्लास भरून पाण्यासोबत, कमी पाण्यात घेतलं तर उलटं जास्त घट्ट होतं. डॉक्टरांनी संडास मऊ व्हायचं पातळ औषध दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून लगेच सोडू नका.

शेक म्हणजे घमेल्यात किंवा टबात कोमट पाणी, हाताला सोसवेल इतकंच, त्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीनदा आणि प्रत्येक संडासनंतर. आम्ही पाण्यात काहीच टाकलं नाही. नंतर मऊ कपड्यानं टिपायचं, घासायचं नाही. बायांचे पॅड मेडिकलमधून आणून वापरा, कपडे खराब होत नाहीत आणि रक्त किती जातं ते नेमकं दिसतं. उकिडवं बसवत नसेल तर संडासवर ठेवायची प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते, पण त्यावर मोबाईल घेऊन बसू देऊ नका.

मणक्यात इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं की पहिल्या रात्री लघवी अडणं बऱ्याच जणांना होतं, माझी अडली, नळी टाकावी लागली, दुसऱ्या दिवशी मोकळी झाली. ते दिवस वडिलांचे गेले. पण आता आठ दिवसांनी लघवी अडली, ताप आला किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं तर तो इन्फेक्शनचा प्रकार असू शकतो, ते त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट पाहू नका.

किती दिवस म्हणाल तर, माझं कापून केलेलं उघडं ऑपरेशन होतं, त्यात जखम शिवत नाहीत, आतून भरू देतात, चार ते सहा आठवडे लागतात, तोवर थोडं पिवळसर पाणी लागत राहतं. मी पंधरा दिवसांनी घरात नीट फिरायला लागलो आणि दीड महिन्यानं वावरात. लेझर किंवा स्टेपलरवाल्यांचं दुखणं सहसा कमी असतं. महिन्या-दोन महिन्यांनी संडास पेन्सिलीसारखी बारीक यायला लागली तर जागा आखडत असते, लवकर दाखवलं तर सोप्यात निघतं.

कोणी आठवडी बाजारातल्या तंबूवाल्याचं इंजेक्शन किंवा लेप सांगितला तर वडिलांना तिकडं नेऊ नका, उघडी जखम आहे. आणि वडील सांगणार नाहीत, आमच्या पिढीतलेच सांगत नाहीत तर ते कुठून सांगतील, म्हणून आज संध्याकाळी पॅड तुम्ही स्वतः पाहा आणि रात्री संडासला उठले तर दाराबाहेर उभे राहा. काय झालं ते इथं लिहा, मी पाहतो.