क्वेकरांच्या ऑनलाइन मूकसभेत नवख्या माणसाने कसं वागावं, कसं बोलावं?

तुम्ही विचारलंय : ऑफिसातल्या एका क्वेकर बाईंनी मला त्यांच्या रविवारच्या ऑनलाइन मूकसभेला आणि नंतरच्या चर्चेला बोलावलं आहे. मी हिंदू घरातली. तिथं काय बोललेलं चालतं, काय नाही? एखादी गोष्ट पटली नाही तर सांगावी का? आणि मनात अभंगाची ओळ आली तर म्हणू का?

जरूर जा. क्वेकर हा ख्रिस्ती परंपरेतून निघालेला एक पंथ, आणि त्यातले मूकसभा घेणारे धर्मप्रसारासाठी कुणाच्या मागे लागत नाहीत. त्यामुळे त्या बाईंनी बोलावलंय, तर तुम्ही यावं असं त्यांना खरंच वाटत असणार. मी बर्मिंगहॅममध्ये राहते आणि इथल्या सभेला बरीच वर्षं जाते. सदस्य नाही. अशांना इथं ‘अटेंडर’ म्हणतात आणि कारभाराच्या काही बाबी सोडल्या तर आम्हाला कुठे वेगळं वागवत नाहीत.

आधी एक खात्री करून घ्या. जगात चार लाखांच्या आसपास क्वेकर आहेत, त्यातले साधारण निम्मे आफ्रिकेत, सगळ्यांत जास्त केनियात. तिथं पाद्री असतात, प्रवचन असतं, दणदणीत गाणी असतात. तुम्ही ‘मूकसभा’ म्हणताय म्हणजे ही ब्रिटिश वळणाची सभा असणार. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

सभा तासाभराची असते, ऑनलाइन कधी अर्ध्या तासाची. कुणी पुजारी नाही, पोथी नाही, ठरलेला क्रम नाही. सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो माइक सुरू करून थोडक्यात बोलतो आणि पुन्हा शांतता होते. शेवटी ज्यांच्यावर त्या दिवशीची जबाबदारी असते ते ‘एल्डर’ एकमेकांचा हात हातात घेतात, स्क्रीनवर असतील तर हात हलवतात. सभा संपली. आपल्याकडच्या लोकांना लगेच इगतपुरीचं विपश्यना केंद्र आठवतं, पण दोन्हींत मोठा फरक आहे. विपश्यनेत प्रत्येक जण स्वतःच्या आत काम करत असतो. इथं सगळ्यांनी मिळून ऐकायचं असतं आणि बोलणाराही त्या ऐकण्यातूनच उठतो.

माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. क्वेकरांमध्ये आदर म्हणजे गोड बोलणं असं कुणी धरत नाही. दुसऱ्याने बोललेलं तसंच राहू देणं, त्यावर लगेच स्वतःचं काही न ठेवणं, याला ते आदर म्हणतात. आपल्याला हे जड जातं. कुणी दुःख सांगितलं की आपण धीर देतो, कुणी चांगलं बोललं की ‘वा!’ म्हणतो, कुणी चुकीचं बोललं की दुरुस्त करतो. हे सगळं प्रेमानेच करतो. मूकसभेत मात्र हे करायचं नाही.

आमच्या एका ऑनलाइन सभेत एक वयस्कर बाई नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोलल्या. चारच वाक्यं. शेवटचं वाक्य अर्ध्यावर सोडून त्यांनी माइक बंद केला. पाचसहा सेकंदांत चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, ‘फार सुंदर बोललात’, खाली फुलांचं चित्र. वीसेक चेहरे एकदम स्क्रीनच्या त्या कोपऱ्याकडे वळले आणि त्या बाईंचं अर्धं वाक्य तिथंच विरलं. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी एल्डरने लिहिणाऱ्याला फोन केला, आधी त्याची चौकशी केली आणि मग सांगितलं की सभा चालू असताना आपण चॅट बंद ठेवतो. चारचौघांत टोकलं नाही, ग्रुपवर नियमांची यादी टाकली नाही. मला ही पद्धत अतिशय आवडते. चूक दाखवायची ती एकट्याला, तीही आधी त्याचं ऐकून.

म्हणून चॅटला हात लावू नका. आधीच्या वक्त्याला उत्तर म्हणून बोलू नका. कुणी बोललं की निदान काही मिनिटं जाऊ द्या. ब्रिटनमधल्या क्वेकरांकडे 42 सूचना आणि प्रश्नांची एक छोटी पुस्तिका असते. तिच्यात बोलणाऱ्यांना बजावलंय की ठरावीक साच्याचं किंवा वरचेवर बोलू नका, आणि सभा जिथं छान थांबली होती तिथं शेवटी आणखी भर घालू नका. ही शेवटची सूचना लिहिणाऱ्याने किती सभा बसून काढल्या असतील, असं मला दर वेळी वाटतं.

आता नंतरची चर्चा. तिथं बोलायला मोकळीक असते, पण शिस्त तीच. ‘मी’पासून सुरुवात करा : मला असं वाटलं, माझ्या बाबतीत असं झालं. ‘हिंदू धर्मात असं मानतात’ असं सांगायला लागलात की तुम्ही प्रतिनिधी होता आणि बाकीचे श्रोते. सगळ्यांचं एकदा बोलून होईपर्यंत दुसऱ्यांदा बोलायचं नाही, असा बऱ्याच गटांचा रिवाज आहे. तिथं ऐकलेलं कुणाचंही खासगी बाहेर न्यायचं नाही. स्क्रीनशॉट तर अजिबातच नाही. आणि समोरचा ख्रिस्ती आहे किंवा देव मानतो, असंही गृहीत धरू नका. माझ्या सभेत येशूचं नाव डोळ्यांत पाणी आणून घेणारे आहेत आणि देव न मानणारेही आहेत. दोघं शेजारी बसतात.

पटलं नाही तर? सांगा. नक्की सांगा. त्याच पुस्तिकेत 17 व्या परिच्छेदात दुसऱ्याच्या मतात आपल्यासाठी कुठलं सत्य आहे ते धीराने शोधायला सांगितलंय, आणि शेवट असा आहे की आपलंच चुकत असणं शक्य आहे, हे ध्यानात ठेवा. याचा अर्थ गप्प बसा असा मुळीच नाही.

क्वेकरांच्या कारभाराच्या बैठकीत मतदान होत नाही. ‘क्लार्क’ म्हणजे बैठक चालवणारी व्यक्ती सगळ्यांचं ऐकते, तिथल्या तिथं ठरावाचा मसुदा लिहिते, वाचून दाखवते आणि विचारते, हे मान्य आहे का? लोक ‘होप सो’ (तशी आशा आहे) असं पुटपुटतात. एकदा आमचा हॉल एका संस्थेला कमी भाड्याने द्यायचं चाललं होतं. एका सदस्याला ते पसंत नव्हतं. त्याने कारण सांगितलं, कुणी खोडून काढलं नाही, क्लार्कने थोडा वेळ सगळ्यांना शांत बसवलं. शेवटी तो म्हणाला, मी आड येत नाही. मसुदा वाचला गेला : ‘आम्ही आनंदाने मान्यता देतो.’ तो पुन्हा उठला, म्हणाला, आनंदाने हे खरं नाही. क्लार्कने तो शब्द खोडला, पुन्हा वाचलं, मग सगळे ‘होप सो’ म्हणाले. बहुमताने हे दोन मिनिटांत उरकलं असतं, पण मग त्या माणसाची हरकत कागदावर आनंद म्हणून नोंदली गेली असती.

न पटलेलं सांगायलाच हवं, हे इतिहासातही दिसतं. अमेरिकेतले कितीतरी क्वेकर गुलाम बाळगत. पेनसिल्वेनियातल्या जर्मनटाउनमधल्या काही जणांनी 1688 मध्येच लेखी निषेध केला होता, पण क्वेकरांच्या वरच्या पातळीवरच्या सभांनी तो नुसता बाजूला ठेवला. 1738 मध्ये बेंजामिन ले हा गुलामगिरीविरोधी क्वेकर बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत पोखरलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी दडवून गेला, तिच्यात तलवार खुपसली आणि गुलाम बाळगणाऱ्यांवर ‘रक्त’ उडवलं. त्याला समाजातून काढून टाकलं. जॉन वुलमन हा दुसरा गुलामगिरीविरोधी क्वेकर वेगळ्या वाटेने गेला. गुलाम असलेल्या घरी मुक्काम झाला तर तिथं झालेल्या सेवेचे पैसे त्या गुलामांसाठी मागे ठेवायचा आणि मालकाशी समोरासमोर, शांतपणे बोलायचा. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने 1758 मध्ये गुलामांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध पाऊल उचललं आणि 1776 मध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्यत्व नाकारलं. लोक वुलमनचा दाखला देतात आणि लेला वेडसर ठरवतात. मला ते पटत नाही. ले ओरडला नसता तर वुलमनचं हळू बोलणं इतकं ऐकलं गेलं असतं का, याची मला शंका आहे. सभेतली शांतता ही अन्याय झाकायची जागा होऊ लागली तर कुणीतरी ती मोडायलाच हवी, आणि ते आदराच्या विरुद्ध नाही.

परकं वाटेल याची काळजी करू नका. 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी इथल्या वुडब्रुक या क्वेकर केंद्रात येऊन राहिले होते. सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं काम करणाऱ्या मार्जरी साइक्स क्वेकर होत्या. आपल्या माणसांचं यांच्याशी जुनं नातं आहे.

अभंगाचं म्हणाल तर आधी थांबून बघा. ओळ मनात येऊन गेली तर जाऊ द्या, ती तुमच्यासाठी होती. पुन्हा पुन्हा येत राहिली, छाती धडधडायला लागली, तर माइक सुरू करा, मराठीत म्हणा, एका वाक्यात इंग्रजीत अर्थ सांगा आणि थांबा. संत कोण, कुठलं शतक, वारी म्हणजे काय, हे सभेत नको. ते नंतरच्या गप्पांत लोक आपणहून विचारतील.