आयबीएस आहे आणि आता पित्ताशयात खडे निघालेत, पित्ताशय काढलं की पोटाचा त्रास जाईल का?

खड्यांचा त्रास जाईल, आयबीएसचा (म्हणजे तपासणीत आतड्यात काही दोष दिसत नाही तरी मुरडा, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ चालूच, त्याचा) नाही जाणार. तुम्ही लिहिलंय की पाच-सहा वर्षं आयबीएस आहे, गॅस आणि पोटफुगी वाढली म्हणून सोनोग्राफी केली, त्यात 8 मिमीचे दोन-तीन खडे दिसले, सर्जन म्हणतात काढून टाका आणि गॅस्ट्रोवाले, म्हणजे पोटविकारांचे डॉक्टर, म्हणतात थांबा. पण ह्यात नेमकं दुखतं कुठे, कधी आणि किती वेळ हे कुठेच नाहीये, आणि सगळा निर्णय त्यावरच आहे. मी डॉक्टर नाही, पण आयबीएस कॉलेजपासून आहे आणि पित्ताशय होतं ते आता नाहीये, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

सोनोग्राफीत खडे दिसले म्हणजे दुखतंय ते खड्यांमुळेच असं नसतं. खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, त्रास सुरू होतो तो वर्षाला शंभरातल्या एक-दोन जणांना. आपण आयबीएसवाले जरा काही झालं की सोनोग्राफी करतो म्हणून आपले खडे सापडतात, आणि सापडले की सगळं खापर त्यांच्यावर. आयबीएसच्या पेशंटची पित्ताशयं इतरांपेक्षा जास्त काढली जातात हे अभ्यासातही दिसलंय, आणि त्यातले बरेच जण ऑपरेशननंतर तीच पोटफुगी घेऊन परत डॉक्टरकडे जातात.

आता दुखण्यातला फरक. खड्याचं दुखणं वर असतं, बरगड्यांच्या खाली उजवीकडे किंवा मधोमध, आणि ते पाठीत उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जातं. जड जेवणानंतर तासा-दोन तासांनी, पुष्कळदा रात्री. वाढत वाढत जातं आणि मग एकसारखं दुखत राहतं, अर्ध्या तासापासून चार-पाच तासांपर्यंत, कुशीवर वळा, बसा, गॅस सोडा, संडासला जाऊन या, अ‍ॅसिडिटीची पॅन-डी घ्या, कशानेही फरक पडत नाही, मग आपोआप थांबतं आणि पुढे कितीतरी दिवस काहीच नाही. आयबीएसचं तसं नाही, ते बहुतेक वेळा बेंबीच्या खाली, मुरडा येतो, संडासला जाऊन आलं की हलकं वाटतं किंवा उलट वाढतं, म्हणजे काहीतरी संबंध संडासशी असतोच, आणि ऑफिसात टेन्शन असलं की हमखास. पोटफुगी, गुडगुड, सकाळची घाई हे सगळं आयबीएसच्या खात्यात टाका, ते पित्ताशयाचं काम नाही. महिनाभर फोनमध्ये नोंद ठेवा, कुठे दुखलं, किती वेळ, आधी काय खाल्लं, संडास कशी झाली. ही नोंद दोन्ही डॉक्टरांना दाखवा, म्हणजे ते एका मुद्द्यावर तरी बोलतील.

मात्र थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद आणि संडास पांढरट, किंवा दुखणं पाच-सहा तास थांबतच नाहीये, असं काही झालं तर नोंदबिंद सोडा आणि सरळ हॉस्पिटल गाठा, खडा पित्तनलिकेत अडकलेला असू शकतो. संडासातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हेही आयबीएस म्हणून सोडून द्यायचं नाही.

माझं दुखणं खांद्यापर्यंत जाणारं होतं आणि सारखं यायला लागलं म्हणून मी काढलं. दुर्बिणीतून होतं, पोटावर तीन-चार छोटी छिद्रं, दुसऱ्या दिवशी बहुतेक लोक घरी. (आपल्याकडे हे दुर्बिणीचं ऑपरेशन पहिल्यांदा 1990 साली मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये डॉ. उडवाडियांनी केलं, त्याआधी पोटावर मोठा छेद आणि आठवडाभर कॉट.) ते खांद्याचं दुखणं परत कधी आलं नाही. पण जुलाब वाढले, आणि हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. होतं असं की यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, पित्ताशय ते साठवून आटवून ठेवतं आणि तेलकट पोटात गेलं की सोडतं. पिशवीच नसली की पित्त आतड्यात सतत गळत राहतं, जास्तीचं मोठ्या आतड्यात गेलं की तिथे पाणी सुटतं आणि मग पळापळ. सगळ्यांना होत नाही, पुष्कळांचं काही महिन्यांत बसतंही, पण आधीच जुलाबाचा आयबीएस असेल तर जास्त जपून. बद्धकोष्ठवाल्यांना उलट बरं वाटतं असंही ऐकलंय.

ह्या जुलाबांवर औषध आहे, कोलेस्टिरामाइन नावाची पावडर, ती पित्ताम्लांना (पित्तातल्या आम्लांना) धरून ठेवते. पाण्यात ढवळून प्यायची, चव वाळू कालवल्यासारखी. ती बाकीच्या गोळ्यांनाही धरून ठेवते, त्यामुळे बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी नाहीतर चार-सहा तासांनी, आणि थायरॉइडच्या गोळीत आणि तिच्यात निदान चार तासांचं अंतर. गंमत म्हणजे जुलाबाचा आयबीएस म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसलाय त्यांच्यातल्या साधारण चारातल्या एकाला पित्ताशय जागेवर असतानाही हाच पित्ताम्लांचा प्रॉब्लेम असतो, तेव्हा गॅस्ट्रोवाल्यांना हे आत्ताच विचारून ठेवा.

खाण्याचा घोळ खरा इथे आहे. खड्यांसाठी सांगतात तेल कमी, सॅलड, कडधान्यं, सफरचंद, कोंड्यासकट गहू. आयबीएससाठी ह्याच यादीतल्या अर्ध्या गोष्टी बंद. दोघांना चालेल असं शोधत मी ज्वारीची भाकरी, भात, पातळ मूगडाळीचं वरण, दुधी, दोडका, पडवळ, गाजर, पपई ह्यावर आले. कांदा कमी केला. लसूण थोड्या तेलात परतून काढून टाकते, वास राहतो आणि पोटाला लागणारा भाग लसणातच जातो, कारण तो तेलात उतरत नाही. इसबगोल थोड्यापासून सुरू करा. तेल एकदम बंद करू नका, रोज थोडं थोडं चालतं, घात होतो तो एकदम खाण्याने. माझं सासर कोल्हापूरचं, तेव्हा मिसळीचा कट आणि तांबडा रस्सा समोर असताना काय होतं ते मला विचारू नका.

उपवासाचं वेगळं सांगते कारण ते कोणी सांगत नाही. दिवसभर पोट रिकामं म्हणजे पित्त पिशवीत साचून घट्ट होतं, आणि संध्याकाळी दाण्याचं कूट आणि तुपातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली की पिशवी एकदम आवळते. खडे असताना कडक एकादशी-नवरात्र नकोच, क्रॅश डाएटही नको, वजन भराभर उतरलं की नवीन खडे होतात. सासूबाईंना मी डॉक्टरांच्या तोंडून सांगायला लावलं, माझं ऐकलं नसतं.

आणि खडे पाडायचा तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा उपाय, आठवडाभर सफरचंदाचा रस, मग एप्सम सॉल्ट आणि ऑलिव्ह ऑइल-लिंबू, सकाळी हिरवे खडे पडतात. ते खडे नसतात, तेल आणि पचनरसांचे साबणासारखे गोळे असतात. शिवाय सफरचंदाचा रस आणि एप्सम सॉल्ट, दोन्ही आयबीएसवाल्याला संडासात बसवायला पुरेसे. कुळथाचं पाणी, पानफुटी हे मुतखड्यासाठी सांगतात, पित्ताशयातला खडा लघवीवाटे जातच नाही. खडे विरघळवणाऱ्या उर्सोच्या गोळ्या खऱ्या आहेत पण छोट्या, कॅल्शियम नसलेल्या खड्यांवरच चालतात, सहा महिने ते दोन वर्षं घ्याव्या लागतात, थांबवल्या की पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना परत होतात, आणि त्यांनी जुलाबही होऊ शकतात.

तुमच्या रिपोर्टवर पित्ताशयाच्या भिंतीची जाडी आणि सीबीडी (मुख्य पित्तनलिका) किती लिहिलंय ते बघा, एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) केली नसेल तर करून घ्या, आणि वरच्या दुखण्यासारखं एकदाही झालं नसेल तर मी तरी गॅस्ट्रोवाल्यांच्या बाजूने. झालं असेल तर सर्जनच्या. ऑपरेशन ठरलंच तर मेडिक्लेमचा वेटिंग पिरियड आधी वाचा, बऱ्याच पॉलिसीत पित्ताशयाच्या खड्यांना दोन वर्षं थांबावं लागतं, फक्त ताप-कावीळ असली तर पॉलिसीसाठी थांबत बसू नका.