अस्वलावरची पहिली गोळी
अलास्कातील तपकिरी अस्वलाच्या आपल्या पहिल्याच शिकारीपुरते आवश्यक तेवढे सांगतो. अस्वलाची कूस पूर्णपणे आपल्याकडे येईपर्यंत किंवा ते किंचित पाठमोरे होईपर्यंत थांबावे आणि पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर नेम धरावा, कारण तेथे हृदय व फुप्फुसे असतात. नवशिके दाट केसांनी फुगलेल्या देहाच्या मधोमध नेम धरतात, नाहीतर डोक्यावर. उतरती कवटी पाहता तो निव्वळ जुगार आहे. केस व चरबी रक्त अडवतात, माग तुटतो, म्हणून अस्वल उभे असेपर्यंत दुसरी गोळी झाडण्यात कमीपणा मानू नये (मीही पूर्वी मानत असे). पिल्लांसह असलेल्या मादीवर बंदूक रोखूच नये; कायद्यानेही मनाई आहे. लांब अंतरावरून गोळी झाडण्याचे गणित सध्या बाजूला ठेवा.