मुलुंडमध्ये घर घ्यावं की ठाण्यात?

तुमची नोकरी दादरला आणि घरात वयस्कर आई-वडील, तर मी मुलुंड म्हणेन. बहुतेक ठिकाणांहून स्टेशन चालत, नाहीतर रिक्षाने पटकन येतं. ठाण्यात स्वस्त पडतं म्हणून लांब घोडबंदर रोडला, कासारवडवलीकडे फ्लॅट घेतलात, तर स्टेशन गाठेपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. पावसाळ्यात तर विचारूच नका! ऑफिस ऐरोली-वाशीकडे असतं तर मात्र ठाणेच सांगितलं असतं, तिकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल ठाण्याहूनच सुटते. आणि हो, ठाण्यातच स्टेशनजवळच्या नौपाड्यात जुन्या इमारतीत का होईना, बजेटमध्ये जागा मिळाली तर सोडू नका. स्टेशन, तलावपाळी, गडकरी रंगायतन, सगळं पायी. टोकन देण्याआधी एकदा सकाळी आठला त्या घरापासून दादरपर्यंत जाऊन बघा.