सगळ्या टेबलांवर कॅस्केड लावण्याआधी

ग्राहक डिलीट करताना मायएसक्यूएल (तुमचा डेटाबेस) १४५१ एरर देतं, फॉरेन की (बिलाला त्याच्या ग्राहकाशी बांधणारा दुवा) चेक बंद करून काम भागवलं, आता सगळीकडे ऑन डिलीट कॅस्केड (वरची नोंद काढली की तिच्या खालच्याही आपोआप जातात) लावून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून लावू नका. त्या ग्राहकाच्या नावावर अजून बिलं आहेत, एवढंच ती एरर सांगतेय, आणि ते खरंच आहे.

आधी झालेलं निस्तरा. चेक पुन्हा चालू केला तरी मधल्या काळात काय झालं हे मायएसक्यूएल तपासत नाही. त्यामुळे ग्राहकच नसलेली पोरकी बिलं तुमच्याकडे पडून असणार. बिलांना ग्राहकांचा लेफ्ट जॉइन लावा, म्हणजे सगळी बिलं आणि जुळला तर त्यांचा ग्राहक असं दिसेल. ग्राहकाच्या बाजूला नल (रिकामं) आलेली बिलं ती हीच.

माझ्या हातून हे घडलंय. एका दुकानाच्या बिलिंगमध्ये मी ग्राहकापासून बिलातल्या ओळींपर्यंत सगळीकडे कॅस्केड ठेवलं होतं. काउंटरवरच्या मुलाला एकच गिऱ्हाईक दोनदा नोंदलेलं दिसलं, त्याने त्यातलं जुनं काढलं. स्क्रीनवर आलं, ‘१ नोंद काढली’. कॅस्केडने गेलेल्या नोंदी मायएसक्यूएल त्या आकड्यात धरतच नाही. तीन वर्षांची बिलं गेल्याचं कळलं ते सीएंनी हिशेब मागितल्यावर. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. बॅकअप होता म्हणून निभावलं. ऑडिटसाठी लिहिलेला डिलीट ट्रिगरही (नोंद काढली की आपोआप चालणारा कोड) उपयोगी पडला नाही, कारण मायएसक्यूएलमध्ये कॅस्केडने ट्रिगर चालत नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येक नात्याला एकच प्रश्न विचारतो: वरची नोंद गेली तर खालच्या नोंदीला काही अर्थ उरतो का? बिल गेलं तर त्यातल्या ओळींना उरत नाही, तिथे कॅस्केड खुशाल ठेवा. ग्राहक गेला तरी बिलाला अर्थ असतो, तिथे रिस्ट्रिक्ट, म्हणजे खाली नोंदी असेपर्यंत डिलीट अडवणं. नोकरी सोडून गेलेल्या सेल्समनसाठी सेट नल (बिल राहतं, त्यावरचा सेल्समन रिकामा होतो) चालेल, फक्त त्या कॉलमला नल चालायला हवं. गिऱ्हाईक नुसतं यादीतून घालवायचं असेल तर ‘बंद केल्याची तारीख’ असा कॉलम पुरतो. दुबार नोंद असेल तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं, नाहीतर काहीच होत नाही) आधी बिलं योग्य ग्राहकाकडे वळवा, मग डिलीट करा. रिस्ट्रिक्ट अडवणार नाही.

पुढेमागे पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तर फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) स्वतः घाला. मायएसक्यूएल तो आपणहून करतं, पोस्टग्रेस करत नाही, आणि मोठ्या टेबलावर एक डिलीट रखडत बसतं.

आता चेक चालू ठेवूनच जुनी कन्स्ट्रेंट (फॉरेन कीचा नियम) काढा आणि नवी घाला. तिथे १४५२ एरर आली, तर पोरकी बिलं अजून शिल्लक आहेत.