"मॅडम, फोनमुळे पोराचं डोकं कामातून गेलंय का?"

मी समुपदेशक आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. केबिनमध्ये तर येतोच, पण लग्नात जेवायला बसलं की शेजारची बाईसुद्धा हळूच विचारते. तक्रार साधारण एकच असते. मुलगा पाच मिनिटं एका जागी बसत नाही, पिक्चरसुद्धा पळवत पळवत बघतो, पुस्तकाचं पान उलटताना जांभया देतो, आणि घरातलं जुनं काही दिसलं, रेडिओ म्हणा, लँडलाइन म्हणा, की "ई, हे अजून चालतं?" असं तोंड करतो. मग आईबापांना वाटतं की फोनने मेंदूच बिघडवला.

एक केस सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. घरच्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल ते सगळं बदललंय. मुलाला आपण ओंकार म्हणू, नववीत आहे. आई नोकरी करते, वडील सेल्समध्ये, आणि घरात आजोबा. आजोबांचा एके काळी टायपिंग क्लास होता. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, बारावी झाली की टायपिंग लावायचं हे घरोघरी ठरलेलं असायचं, मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०, सर्टिफिकेट हातात आलं की क्लार्कच्या जागांना अर्ज. क्लास कधीच बंद झाला, परीक्षा कॉम्प्युटरवर गेली, गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं, पण आजोबांनी एक मराठी मशीन ठेवून घेतलं होतं. सोसायटीचं पत्र, कुणाचा अर्ज, असलं काही असलं की ते त्याच्यावरच टाइप करून द्यायचे.

तर ओंकारने आजोबांचं नकळत शूटिंग केलं. टाइपरायटरवर पत्र काढताना, मग फोनवर एका बोटाने अक्षर शोधताना, मागे कॉमेडी म्युझिक आणि वर लिहिलेलं "आमच्या घरातलं म्युझियम". रील वर्गात फिरली, तिथून सोसायटीत आली आणि शेजारच्या एका मुलाने ती आजोबांनाच कौतुकाने दाखवली. आजोबा काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी भंगारवाल्याला बोलावलं. आई ऑफिसातून आली तेव्हा मशीन दारात वजनकाट्यावर चढायच्या बेतात होतं, तिने ते परत आत घेतलं आणि मग माझा नंबर शोधला.

पहिल्यांदा तिघं आले, आजोबा नाही आले, "मला काय झालंय" म्हणाले. आईचं म्हणणं असं की याचं अभ्यासात लक्ष नाही, मार्क घसरलेत, आणि आता मोठ्यांची लाज पण वाटेनाशी झालीय, हे सगळं त्या रील्समुळे, फोन काढूनच घेते आता. वडील मान हलवत होते, पण टेबलाखाली त्यांचा अंगठा चालू होता, आणि हे ओंकार बघत होता, आणि मी ओंकारला बघताना बघत होते.

आधी लक्षाचं बोलू. मी ओंकारला विचारलं, ही रील बनवायला तुला किती वेळ लागला? तो म्हणाला दोन तास तरी, कारण कट म्युझिकच्या बीटवर बसत नव्हता. आता तुम्हीच सांगा, अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओसाठी जो मुलगा दोन तास न उठता बसतो त्याचं लक्ष "संपलं" असं कसं म्हणायचं? लक्ष आहे. फक्त जिथे लगेच काही घडत नाही, तिथे थांबायची सवय सुटलीय. हा फरक पालकांना सांगताना मला नेहमी जोर लावावा लागतो, कारण "माणसाचं लक्ष आता गोल्डफिशपेक्षा कमी, ८ सेकंद" हे सगळ्यांनी व्हॉट्सअपवर वाचलेलं असतं आणि ते खरं वाटतं. त्या आकड्यामागे धड संशोधनच नाही. ज्याच्यामागे संशोधन आहे ते वेगळं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क या लोक काम करताना एका स्क्रीनवर किती वेळ टिकतात ते बरीच वर्षं मोजतायत. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडच्या काही वर्षांत ४७ सेकंदांच्या आसपास आलीय. पण हे मोठी माणसं कामावर काय करतात त्याचं मोजमाप आहे, मेंदूची ताकद कमी झाल्याचा पुरावा नाही. आणि मोठी माणसं बरं का, नववीतली पोरं नाही! हे सांगितलं तेव्हा वडिलांचा फोन खिशात गेला.

दुसरं, ही सवय काय आपोआप लागत नाही, ती लागावी अशी सोयच केलेली आहे. पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं, खाली "पुढे" असायचं, तिथे माणूस क्षणभर थांबायचा. न संपणारं स्क्रोल आझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये काढलं, आणि पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला, तसं तो जाहीरपणे बोललाय. त्यात पुढची रील मस्त असेल की फालतू हे आधी कळत नाही, म्हणून बोट थांबत नाही. बक्षीस कधी मिळेल ते नक्की नसलं की प्राणी जास्त चिकाटीने बटण दाबत राहतो, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर फार पूर्वीच दाखवलंय. जुगाराचं मशीन यावरच चालतं.

आणि ओंकारच्या पिढीचा हिशोब तर बघा. जिओ आलं २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, तेव्हा हा पाच वर्षांचा. डेटा संपेल म्हणून व्हिडिओ बंद करायचा ही भानगडच त्याला माहीत नाही. २०२० मध्ये चौथीत असताना शाळाच फोनवर आली, जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत लगेच रील्स सुरू झाल्या. म्हणजे ज्या वर्षी आपण सगळ्यांनी आपल्या हाताने पोरांना फोन दिला आणि "हलायचं नाही इथून" म्हणालो, नेमकं त्याच वर्षी. मग आता त्याला एकट्याला आरोपी करून काय उपयोग.

आता दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि पालकांना तो विचारायचाच नसतो. जुन्या वस्तूंचा एवढा राग का? मी ओंकारला एकट्याला बसवून विचारलं, आजोबांचं नक्की काय खटकतं तुला? तो आधी "काही नाही" म्हणाला, मग म्हणाला, "स्लो आहे ना सगळं. ओटीपी आला की चष्मा शोधतात, मग मेसेज वाचतात, मग नंबर पाठ करतात, तोपर्यंत तो संपतो. मग परत." मी म्हटलं मग तू काय करतोस? "फोन ओढून घेतो आणि करून टाकतो. मम्मी पण तसंच करते. अहो बाबा द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं. पप्पा तर विचारलेलं ऐकत पण नाहीत."

झालं. टाइपरायटरला हसणं आणि आजोबांच्या हातातला फोन ओढणं एकाच घाईतून आलेलं होतं, आणि ती घाई एकट्या ओंकारची नव्हती. त्याने फक्त ती कॅमेऱ्यात पकडून वर म्युझिक लावलं. आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की दिवसभर एवढी धावपळ असते मॅडम, थांबायला वेळ कुठे असतो. खरंय तिचं, मी त्यावर तिला लेक्चर नाही दिलं. स्वयंपाक, ऑफिस, सासऱ्यांची पेन्शन, सगळं तिच्याच अंगावर होतं.

मी फोन काढून घेऊ नका म्हणाले. टाइपरायटर शिकव त्याला, म्हणजे एकाग्रता वाढेल, असंही कुणीतरी त्यांना सुचवलं होतं, त्यालाही नको म्हणाले. जुनी वस्तू शिक्षा म्हणून हातात दिली की मूल तिचा आणखी राग करतं. आणि खरं सांगू का, "आमच्याकडे फोन नव्हता म्हणून आम्ही अभ्यास केला" हे मला पटत नाही, आपण कंपासपेटीवर नावं कोरत बसायचो. आपल्याकडे खिडकी होती, यांच्याकडे फोन आहे. फोन खिडकीपेक्षा फार जास्त ओढतो एवढं मात्र मान्य.

दोनच गोष्टी ठरवल्या. एक, अभ्यासाच्या वेळी फोन खोलीबाहेर. उलटा करून टेबलावर नाही, दप्तरात नाही, बाहेर. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांचे फोन टेबलावर, खिशा-पिशवीत किंवा दुसऱ्या खोलीत ठेवून त्यांना डोक्याची कामं दिली, तर दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांना ती जास्त चांगली जमली. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा निकाल दर वेळी तेवढे ठळक आले नाहीत हेही खरं, पण करून बघायला पैसे लागत नाहीत. रात्री मात्र सगळ्यांचेच फोन हॉलमध्ये चार्जिंगला, वडिलांचा पण. इथे वडील अडले, क्लायंटचा फोन आला तर? मी म्हटलं रात्री साडेअकराला क्लायंट काय विकत घेणारे. ओंकार पहिल्यांदा हसला.

दुसरी गोष्ट ओंकारसाठी, पण नियम सगळ्या घराला. आजोबांनी फोनचं काही विचारलं तर फक्त तोंडाने सांगायचं, स्क्रीनला बोट लावायचं नाही. करून बघा एकदा, भयंकर अवघड असतं. "ते वरचं तीन टिंबं" म्हटलं की समोरच्याला कुठलं वर, कुठली टिंबं, काही कळत नाही, आणि आपला हात आपोआप पुढे जातो. पहिला आठवडा ओंकारने खूप चिडचिड केली. पण मग एक गंमत झाली. आजोबा लाइट बिलाचं अ‍ॅप टाकत होते आणि "कॉन्टॅक्ट्स बघायची परवानगी द्यायची का" असं आलं. ओंकार म्हणाला, अलाउ करा. आजोबा म्हणाले, "कशाला? बिल भरायला माझ्या भावाचा नंबर कशाला लागतो?" ओंकारला उत्तर देता येईना. त्याने आयुष्यात ते वाक्य कधी पूर्ण वाचलंच नव्हतं, नुसतं दाबलं होतं.

हे त्याने मला स्वतःहून सांगितलं आणि मला आजोबांना भेटावंसं वाटलं. ते आले. मी विचारलं, तुम्ही सगळं एवढं वाचून का दाबता? ते म्हणाले, "मॅडम, खाली तीन कार्बन असायचे. एक चूक झाली की चार कागदांवर खोडायचं, नाहीतर पान पहिल्यापासून. बोट खाली जायच्या आधी डोळा पुढे जायला पाहिजे, पोरांना हेच शिकवलं मी." म्हणजे त्यांचं स्लो असणं हे वयामुळे थोडंफार होतंच, पण बरंचसं त्यांच्या मशीनने लावलेलं वळण होतं, जसं ओंकारचं फास्ट असणं हे त्याच्या मशीनने लावलेलं. चूक महाग असेल तर माणूस थांबतो, बॅक दाबून सुटका होत असेल तर थांबत नाही. आणि आता लिंकवर क्लिक केलं आणि खातं रिकामं झालं अशा बातम्या रोज येतायत, त्या काळात घरात एक माणूस पूर्ण वाचून दाबणारा असावा असं निदान मला तरी वाटतं. आजोबांना रीलचा राग आला का विचारलं, तर म्हणाले, राग नाही आला, आपण अडगळ झालो असं वाटलं. ओंकारने माफी मागावी असं मी सांगितलं नव्हतं. त्याने रील डिलीट केली होती, पण ती तोपर्यंत इतरांच्या फोनमध्ये होती, हेही त्याला तेव्हाच नीट समजलं.

उलट बाजूची तक्रारही माझ्याकडे वाढतेय, ती जाता जाता सांगते. सत्तरीतले बाबा दिवसभर यूट्यूब लावून बसतात, हाक मारली तर ऐकत नाहीत, नातू बोलायला आला तर "थांब जरा" म्हणतात. तेव्हा हा तरुणांचा रोग वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

काळजी खरंच कधी करायची? झोप मोडतेय, खेळ आणि मित्र सुटलेत, फोन घेतला की वस्तू फेकतो, शाळेत जायला नको म्हणतो, उदास असतो, असं बरेच दिवस चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. "मोबाइल अ‍ॅडिक्शन" असं वेगळं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही, गेमिंगचं मात्र आहे. चंचलपणा अगदी लहानपणापासून, फोन हातात यायच्या आधीपासून असेल तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं मुळातच अवघड जाण्याची, तपासणी करून घ्या, सगळं फोनच्या माथी मारू नका. जवळ कोणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

ओंकारचं म्हणाल तर चमत्कार वगैरे काही झालेला नाही. रील्स बघतो, भरपूर बघतो. फोन बाहेर ठेवून एक धडा सलग वाचता येतो आता, गणितात अजून रडारड आहे, पण ती मला वाटतं फोनमुळे नाही, सातवीपासूनच्या बेरजा-वजाबाक्या, अपूर्णांक कच्चे आहेत, शिकवणी लावायला सांगितलंय. आजोबांचं पेन्शनचं हयातीचं प्रमाणपत्र यंदा त्यांनी स्वतः फोनवरून भरलं, ओंकार शेजारी हात मागे बांधून उभा होता म्हणे. वडिलांचा फोन मात्र तीन रात्री हॉलमध्ये राहिला आणि परत उशाशी आला. त्यांना मी पुढच्या आठवड्यात एकट्यांना बोलावलंय.