सोशल नेटवर्किंगमध्ये फेसबुकच्या आधी काय होतं? आणि आपल्या सीमाभागात हे वेड कधी पोचलं?

बहुतेक जण फेसबुकपासून सुरुवात धरतात, ते चूक. आपलं प्रोफाइल आणि मित्रांची यादी ही रचना १९९७ मध्येच सिक्सडिग्रीज नावाच्या साइटने आणली होती. पुढे २००२ ला फ्रेंडस्टर, २००३ ला मायस्पेस. बेळगाव-निपाणीकडे ही नावं फारशी कुणाच्या कानावर नव्हती.

आपल्याकडे खरी हवा झाली ऑर्कुटची. गूगलमधल्या ऑर्कुट नावाच्याच तुर्की इंजिनिअरने ते जानेवारी २००४ मध्ये काढलं. सुरुवातीला आमंत्रणाशिवाय आत शिरताच येत नसे. तिथलं स्क्रॅपबुक, म्हणजे प्रत्येकाचं निरोपांचं पान, ही उघडी चावडी! कुणी कुणाला काय लिहिलं ते सगळ्यांना दिसायचं. उत्तर मात्र समोरच्याच्या पानावर जायचं, त्यामुळे पूर्ण गप्पा वाचायला दोन पानं उघडावी लागत. सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोपटात तिघं एका खुर्चीभोवती, मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, मधूनच एखादं कन्नड वाक्य. बिल तासावर, म्हणून घाई.

फेसबुक फेब्रुवारी २००४ चंच, पण आधी फक्त हार्वर्डपुरतं. सगळ्यांना ते सप्टेंबर २००६ मध्ये खुलं झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद पडलं, आणि त्याच वर्षी फेसबुकने व्हॉट्सअॅप विकत घेतलं. आता खानापूरकडच्या खेड्यातही यात्रेची वर्गणी, भाऊबंदकीची भांडणं, सगळं व्हॉट्सअॅपच्याच ग्रुपवर. शाळेतल्या मित्रांना शोधायचं असेल तर मात्र अजून फेसबुकच बरं.